एकाच गावात एक लाखाचे चार भाव

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जूनच्या तोंडावर एक लाख रुपये उभे करायचे म्हटले, तर त्या लाखाला चार वेगवेगळे भाव आहेत. सोसायटीकडून किंवा बँकेकडून पीककर्ज मिळालं आणि वर्षाच्या आत फेडलं, तर व्याज शून्य. घरातल्या बाईच्या नावावर गटाचं फायनान्स उचललं, तर वर्षाला वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात, आणि हप्ता दर आठवड्याला किंवा महिन्याला. कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर आणलं, तर व्याज असा शब्दच कुणी काढत नाही, ते किमतीतच मुरलेलं असतं. आणि सावकाराकडे गेलं, तर शेकडा पाच रुपये महिना. जून ते जानेवारी आठ महिने धरले, तर लाखावर चाळीस हजार.

उधारीचा हिशोब सहसा कुणी करत नाही, म्हणून तो आधी करू. समजा १३५० रुपयांची डीएपीची गोणी उधारीत १५०० ला पडली आणि पैसे पाच महिन्यांनी, कापूस निघाल्यावर दिले. दीडशे रुपये जास्त गेले, म्हणजे पाच महिन्यांत ११ टक्के, वर्षाच्या हिशोबानं जवळपास २७ टक्के. छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदेशीर आहे, त्यामुळे हा फरक बिलावर दिसत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी माल त्याच दुकानदाराच्या ओळखीच्या अडत्याकडे घालावा लागतो. तिथे क्विंटलमागे किती कमी मिळाले, ते कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

सगळ्यात गरीब, सगळ्यात कमी वावर असलेल्या माणसाला यातला सगळ्यात महाग पैसा का घ्यावा लागतो? 'बँका कर्ज देत नाहीत' हे उत्तर अर्धवट आहे. स्वस्त पैसा आहे, त्याचे नियमही बऱ्यापैकी चांगले आहेत. माणूस अडतो तो दोन ठिकाणी: कागदावर नाव कुणाचं, आणि पैसा हातात कोणत्या तारखेला. लहान शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल व्याजदराची चर्चा खूप होते, या दोन गोष्टींची फार कमी.

शून्य टक्के कसं होतं

केंद्र सरकारच्या व्याज सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळतं. वेळेत फेडलं तर ३ टक्के परत, म्हणजे ४ उरले. महाराष्ट्रात ते उरलेले राज्य सरकार भरतं. त्या योजनेला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, केंद्रात कृषिमंत्री राहिलेले, आणि आपल्या भागात भाऊसाहेब म्हणूनच ओळखले जातात. आधी एक लाखापर्यंतच शून्य टक्के होतं, २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंत झालं.

पण 'वेळेत फेडलं तर' हे तीन शब्द सगळ्या योजनेचा कणा आहेत. तारीख चुकली की केंद्राचे तीन टक्के जातात, राज्याचेही जातात. म्हणजे ज्याचं पीक बुडालं त्यालाच व्याज लागतं, ज्याचं पिकलं त्याला माफ. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण कोरडवाहू भागात परिणाम तोच होतो.

नाव कुणाचं

बँकेत पहिला प्रश्न सातबाऱ्याचा. आमच्याच घरचं सांगतो. आजोबा २००९ मध्ये गेले. चार एकर वावर बाबाच कसत होते, पण सातबाऱ्यावर नाव आजोबांचंच राहिलं. आत्या तीन, काका एक. भांडण कुणाचंच नव्हतं. फक्त 'करू नंतर' असं म्हणत सात वर्षं गेली आणि तेवढी वर्षं बाबांना पीककर्ज मिळालं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर कर्ज मिळत नाही, आणि जिवंत माणसाचं नाव कागदावर नव्हतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टींची लोक गल्लत करतात. वारस नोंद म्हणजे मयताचं नाव कमी होऊन सगळ्या वारसांची नावं चढणं. वाटणी म्हणजे त्यातलं कुणाचं किती, हे वेगळं होणं. वारस नोंद झाली तरी काम अर्धंच होतं, कारण सातबाऱ्यावर पाच नावं असली तर बँक पाचही जणांची संमती आणि सह्या मागते. एक बहीण नागपूरला, एक सुरतेला. त्यांनी कामं सोडून यायचं, तेही जूनमध्ये. सगळ्यांची संमती असेल तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटणी करून घेता येते आणि हा फेरा कायमचा संपतो. पण आपल्याकडे वाटणी म्हणजे घर फुटल्याची खूण समजतात, म्हणून ती पुढे ढकलली जाते. बहिणींचे हक्क न बुडवता, त्यांना समोर बसवून हे काम करावं असं मला मनापासून वाटतं. २००५ पासून मुलींचा वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हिस्सा आहे. तो लपवून काढलेला कागद पुढे केव्हा तरी अडकतोच.

या बाबतीत एक खरोखर चांगलं काम विदर्भातूनच सुरू झालं. 'जिवंत सातबारा' ही मोहीम आधी बुलडाणा जिल्ह्यात झाली आणि २०२५ मध्ये राज्यभर नेली गेली. तलाठ्यानं गावात येऊन मयत खातेदारांची यादी वाचायची आणि वारसांची नोंद करायची. अर्ज घेऊन तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बाईचं नाव तर त्याहून मागे. निंदण, वेचणी, बियाणं टोबणं, सगळं तिनं करायचं, आणि सातबाऱ्यावर ती नवरा गेल्यावर येणार, तीही सासू-दीर-मुलं यांच्या रांगेत. आत्महत्या झालेल्या घरांत हे फार कठीण होतं. कर्ज वारसांच्या गळ्यात लगेच येतं, नाव मात्र कागदावर यायला महिने लागतात.

आणि ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचं काय? आपल्याकडे मक्त्यानं, ठेक्यानं, बटईनं वावर करणारे किती तरी जण आहेत. रिझर्व्ह बँकेचे किसान क्रेडिट कार्डाचे, म्हणजे पीककर्ज ज्यातून मिळतं त्या खात्याचे, नियम वाचले तर त्यात तोंडी करारानं कसणारा आणि बटईदार दोघंही पात्र आहेत. पण पुरावा काय दाखवायचा? मालक लिहून द्यायला तयार नसतो, कारण लिहून दिलं की उद्या हा कूळ लागेल, म्हणजे जमिनीवर हक्क सांगेल, ही भीती. विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे, आणि त्याची आठवण जुन्या मालकांच्या घरात अजून ताजी आहे. त्यामुळे मक्त्याचे पैसे आगाऊ, रोखीनं, विनापावती. पीककर्ज सातबारेवाला उचलतो, पीक विमा त्याच्या नावावर, नुकसानभरपाईही त्याच्याच खात्यात, आणि पऱ्हाटीत राबणारा सावकाराच्या दारात. अशा चार ते दहा जणांनी मिळून संयुक्त देयता गट करायचा आणि एकमेकांना जामीन राहायचं, अशी नाबार्डची सोय आहे. ज्या बँक अधिकाऱ्यानं मनावर घेतलं तिथे ती चालते.

गडचिरोली, मेळघाट भागात कागद आहे पण तो वेगळा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचा पट्टा वारशानं पुढे जातो, पण विकता येत नाही. विकता येत नाही म्हणून बँकेला तारण म्हणून नको असतो. खरं तर दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागायचंच नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ जानेवारी २०२५ पासून आहे (त्याआधी ही मर्यादा १ लाख ६० हजार होती). म्हणजे पट्टा विकता येतो की नाही, हा प्रश्न तिथे उभा राहायलाच नको.

किती मिळतं

कर्जाची रक्कम माणसाच्या गरजेवर ठरत नाही. दरवर्षी जिल्ह्याची तांत्रिक समिती पीकवार हेक्टरी दर ठरवते आणि तुमच्या क्षेत्राला त्यानं गुणलं जातं. समजा कापसाचा दर हेक्टरी ६० हजार आहे आणि वावर तीन एकर, म्हणजे १.२ हेक्टर. मूळ रक्कम ७२ हजार. किसान क्रेडिट कार्डाच्या नियमानं त्यावर १० टक्के घरखर्च आणि काढणीनंतरच्या खर्चासाठी, २० टक्के अवजारं-बैलजोडी यांच्या देखभालीसाठी धरायचे असतात. झाले ९३,६०० रुपये. पुढची चार वर्षं दरवर्षी मर्यादा १० टक्क्यांनी वाढायची. प्रत्यक्षात अनेक शाखा ७२ हजारांवरच थांबतात, आणि या वरच्या रकमा आपल्या हक्काच्या आहेत हे मागणाऱ्याला ठाऊक नसतं. एकरी सहा क्विंटल कापूस धरला आणि वेचणी किलोमागे दहा रुपये, तर नुसत्या वेचणीलाच १८ हजार लागतात. वरचे पैसे नेमके तिथे कमी पडतात.

३१ मार्च

आता तारखेचं. खरिपाचं कर्ज जूनमध्ये घेतलं की शून्य टक्क्यांसाठी साधारण ३१ मार्चपर्यंत पूर्ण भरायचं आणि नव्या हंगामासाठी पुन्हा उचलायचं. याला सगळे 'नवं-जुनं करणं' म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण मार्चमध्ये लहान शेतकऱ्याकडे ऐंशी हजार रोख असतात का? सोयाबीन दिवाळीच्या आधीच गेलं. कापसाचे पैसे वेचणी, उधारी, दवाखाना, मुलाची फी यात गेले. मग काय होतं? तो सावकाराकडून दहा-पंधरा दिवसांसाठी ऐंशी हजार आणतो, बँकेत भरतो, आणि नवं कर्ज मंजूर होऊन खात्यात पडलं की त्यातूनच सावकाराला परत करतो. दहा दिवसांचेही दोन-तीन हजार जातात. कागदावर शून्य टक्के, खिशातून अडीच हजार.

आणि बँकेनं उशीर केला तर? भरणा ३० मार्चला, नवं कर्ज जुलैत. साहेबांची बदली झाली, सर्च रिपोर्ट (जमिनीवर बोजा आहे का, हे सांगणारा वकिलाचा अहवाल) जुना झाला, सिस्टीम बंद होती. इथे बळी जातो तो नियमित फेडणाऱ्याचा. दहा दिवसांचा सावकार चार महिन्यांचा होतो. ऐंशी हजारांवर शेकडा पाचनं चार महिन्यांचे सोळा हजार. एकदा असा पोळलेला माणूस पुढच्या मार्चला भरतच नाही. लोक त्याला 'नियत फिरली' म्हणतात. मी असे अनेक जण जवळून पाहिले आहेत, आणि मला तसं म्हणवत नाही.

तारखेचं दुसरं टोक ऑक्टोबरमध्ये. सोयाबीन निघालं की देणेकरी उभे असतात, म्हणून ते मिळेल त्या भावात विकावं लागतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि बाजारात ते चार हजार-सव्वाचार हजारांच्या आसपास जात होतं. इथे पणन मंडळाची १९९० पासूनची शेतमाल तारण योजना खरी कामाची आहे: माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानं उचलायची, १८० दिवसांत भाव पाहून विकायचं. पण आठ क्विंटल सोयाबीन घेऊन तालुक्याच्या गोदामापर्यंत कोण जाणार? चार-पाच घरांनी मिळून एक गाडी केली तर जमतं.

थकलं की दार बंद

मुदत उलटून दोन पीक हंगाम गेले की पीककर्ज थकीत, म्हणजे एनपीए होतं. त्यानंतर त्या खात्यावर नवीन पैसा नाही. आणि हे कागद आता सगळीकडे दिसतात, त्यामुळे दुसऱ्या बँकेतही 'भाऊ, तुमचा सिबिल (कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारी पत) खराब आहे' हे ऐकायला मिळतं. पीककर्जाला सिबिलची अट लावू नका असं राज्य सरकारनं बँकांना वारंवार बजावलं आहे, तरी शाखेत तो विषय निघतोच.

थकण्याआधी एक दरवाजा असतो, आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे: पुनर्गठन. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्क्यांहून जास्त पीक गेलं आणि प्रशासनानं तसं जाहीर केलं, तर त्या वर्षाचं पीककर्ज मुदत कर्जात बदलता येतं. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर दोन वर्षांपर्यंत, ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाच वर्षांपर्यंत. पहिलं वर्ष हप्ता नाही, आणि नव्या पेरणीसाठी नवं कर्जही मिळतं. मात्र व्याजाची सवलत त्या पहिल्याच वर्षापुरती, दुसऱ्या वर्षापासून बँकेचं नेहमीचं व्याज. म्हणून सही करण्याआधी दर विचारून घ्यावा. पण विचारायलाच हवं, कारण आपणहून सांगणारे साहेब थोडे.

कर्जमाफीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. २००८ च्या केंद्राच्या माफीत पाच एकरांपर्यंतच्यांचं थकीत कर्ज पूर्ण गेलं, त्यावरच्यांना एकरकमी भरल्यास साधारण चौथा हिस्सा सूट. विदर्भात त्याची बोच अजून आहे. कारण आपल्याकडे आठ एकर कोरडवाहू असलेला माणूस दोन एकर ओलितवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, आणि मोजपट्टी फक्त एकरांची होती. २०१७ मध्ये राज्यानं दीड लाखापर्यंत, २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले योजनेत दोन लाखांपर्यंत माफी दिली. ज्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, त्याला पुन्हा बँकेच्या दारात उभं राहता आलं. हे मी नाकारणार नाही, अनेक घरं त्यानं तगली. पण घोषणा आणि खातं कोरं होणं यात वर्ष-दोन वर्षं जातात, आणि तेवढे हंगाम माणूस सावकाराकडेच असतो. शिवाय एकरकमी तडजोड केलेल्यांच्या नावापुढे 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि बँक पुढे हात आखडते.

बँकच आजारी असेल तर

लहान शेतकऱ्याची खरी बँक म्हणजे गावची सोसायटी आणि तिच्या मागे जिल्हा मध्यवर्ती बँक. गटसचिवाला कुणाचं वावर कुठल्या धुऱ्याला आहे हे माहीत असतं, त्यामुळे कागद कमी लागतो. पण नागपूर आणि वर्धा या जिल्हा बँका २००२ च्या सरकारी रोख्यांच्या घोटाळ्यात पोळल्या, आणि २०१२ मध्ये नागपूर, वर्धा, बुलडाणा या तिघींना रिझर्व्ह बँकेच्या परवान्याअभावी नव्या ठेवी घ्यायला मनाई झाली. ज्या शेतकऱ्यानं एक पैसाही बुडवला नव्हता, त्याचीही सोसायटी ठप्प झाली. सरकारी मदतीनं पुढे परवाने मिळाले, पण त्या मधल्या वर्षांत जी घरं सावकाराकडे वळली ती सगळी परत आली नाहीत.

मग राष्ट्रीयीकृत बँक. तिला एकूण कर्जातले १० टक्के लहान आणि अल्पभूधारकांना द्यायचं बंधन आहे. कमी पडलं तर तेवढी रक्कम नाबार्डकडच्या निधीत कमी व्याजानं ठेवावी लागते. म्हणजे उद्दिष्ट चुकलं तरी बँकेचं फार बिघडत नाही. आणि एका शाखेत एकच कृषी अधिकारी, खाली पंधरा-वीस गावं. सत्तर हजारांची शंभर प्रकरणं करायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात एक मोठं गोदामाचं कर्ज होऊन जातं. लहान माणसाची फाईल खाली राहते ती अशी.

विहीर, मोटारपंप, जमीन सपाटीकरण यासाठी दीर्घ मुदतीचा पैसा देणारी भूविकास बँक तर बंदच पडली. ती गेल्यावर तेवढी जबाबदारी घेणारं गावपातळीवर कुणी उरलं नाही. पीककर्ज दरवर्षी फिरत राहतं, वावर मात्र कोरडवाहूचं कोरडवाहूच.

दारात उभं राहताना

अर्ज दिला की पोच मागावी, तारखेसह. कागद पूर्ण असतील तर किसान क्रेडिट कार्ड १४ दिवसांत द्यायचं अशा सूचना आहेत, पण पोच नसेल तर ते १४ दिवस मोजायचे कुठून? नाकारलं तर कारण लेखी मागावं. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. भरलेलं कर्ज थकीत दिसत असेल तर ते एप्रिलमध्येच दुरुस्त करायला टाकावं. सावकारानं जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते आणि पंधरा वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासून जमीन परत मिळू शकते.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकूंसोबत मी बँकेत जात होतो. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला, तीन लेकी लग्न होऊन तीन दिशांना, वावर अडीच एकर. मे महिन्यात वारस नोंद झाली. तिसरी लेक बाळंतपणामुळे येऊ शकत नव्हती, तिची सही जुलैत मिळाली. ५८ हजार रुपये खात्यात पडले २० ऑगस्टला. तोवर पेरणी उधारीवर होऊन गेली होती. कृषी केंद्राचे ३१ हजार, सावकाराचे १५ हजार आणि तीन महिन्यांचं व्याज सव्वादोन हजार, असं देऊन काकूंच्या हातात ९,७५० रुपये राहिले. "आता वेचाईच्या बायाचं तरी भागन," एवढंच त्या म्हणाल्या.

यंदा त्यांनी कापसाच्या पैशातून थोडं थोडं बाजूला टाकून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातच भरणा केला, आणि १ एप्रिलला नव्या अर्जावर शिक्का मारलेली पोच घेऊन घरी आल्या. ती त्यांनी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली आहे.